दर वाक्याला 'बाय' कशाला?

ताई,
मी कळव्याला राहते आणि वाशीत एका सीएचएच्या, म्हणजे आयात-निर्यात मालाचं कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटच्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. शिपिंग लाइन, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम), बँक, कस्टम्स, सगळीकडचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीत सुरू झालं. फोनवर मी कुठे अडत नाही. पण नवे मॅनेजर आल्यापासून 'फॉर्मल लिहा' असा धोशा आहे. फॉर्मल म्हणजे पॅसिव्ह, असं ते सांगतात. मी पॅसिव्ह करते आणि पुढच्या प्रेपोझिशनवर घसरते. मागच्या आठवड्यात सरांनी माझी पाच वाक्यं लाल खुणा करून ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. खाली सगळ्यांच्या हसऱ्या इमोजी. वाक्यं अशी:

'द कंटेनर वॉज अरायव्हड ऑन मंडे.'
'द मॅटर इज बीइंग लुक्ड बाय अवर टीम.'
'दिस डिले इज नोन बाय अस.'
'द इम्पोर्टर विल बी चार्ज्ड विथ डिटेन्शन.' (डिटेन्शन म्हणजे कंटेनर मुदतीत परत न दिल्याबद्दल शिपिंग लाइन लावते ते पैसे.)
'द डॅमेज्ड कार्टन्स वेअर डिस्पोज्ड ऑफ.' या शेवटच्या वाक्यात मी एका एफचा ऑफ लिहिला होता, सरांनी दोन एफ केले.

ही प्रेपोझिशनं पाठच करायची असतात का? कोपरखैरण्याला स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, तो लावू का? आणि सरांशी काही बोलू की गप्प बसू?
– एक वाचक, कळवा

पाचपैकी चार खुणा बरोबर आहेत, पाचवी चूक आहे. कार्टनच्या वाक्यात तुमचा एकच एफ बरोबर होता. सरांकडे नंतर येऊ. आधी प्रेपोझिशनचं बघू, कारण तुमची अडचण शाळेत लागलेल्या एका सवयीतून आली आहे आणि ती मोडता येते.

दहावीला 'चेंज द व्हॉइस' असायचं. कर्म पुढे आणा, 'टू बी'चं रूप घाला, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, मग 'बाय' आणि कर्ता. रामाने रावणाला मारलं, रावण रामाकडून मारला गेला, गुण खिशात. या कृतीत खोटं काहीच नाही. पण ती इतक्यांदा गिरवलेली असते की हाताला वळण पडतं, आणि तिसरं रूप लिहून झालं की पेन आपोआप 'बाय' लिहितं. ऑफिसच्या पत्रात कर्ता बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. तिसऱ्या रूपामागून जे येतं ते निराळंच असतं: कोणाला, कुठून, कशाच्या बदल्यात, कोणत्या कलमाखाली.

तुमच्याच टेबलावरचं उदाहरण घेऊ, बिल ऑफ एन्ट्रीचं, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडच्या घोषणापत्राचं. 'द बिल ऑफ एन्ट्री वॉज फाइल्ड' इथपर्यंत लिहा आणि थांबा. कोणी? 'बाय द कस्टम्स ब्रोकर'. कोणाच्या वतीने? 'ऑन बिहाफ ऑफ द इम्पोर्टर'. कोणाकडे? 'विथ कस्टम्स'. कशावर? 'ऑन आइसगेट', म्हणजे कस्टम्सच्या पोर्टलवर. कशाखाली? 'अंडर सेक्शन ४६ ऑफ द कस्टम्स ॲक्ट, १९६२'. एका 'फाइल्ड'ला पाच जोड लागले आणि त्यात 'बाय' एकच. खऱ्या पत्रात तर तोच गळतो, कारण पत्र तुमच्याच लेटरहेडवर असतं, बिल कोणी भरलं ते समोरच्याला दिसतंच. तसंच कंटेनरचं. तो यार्डातून सुटतो तेव्हा 'रिलीज्ड फ्रॉम द यार्ड', ट्रान्सपोर्टरच्या ताब्यात जातो तेव्हा 'रिलीज्ड टू द ट्रान्सपोर्टर', डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडा अशी शिपिंग लाइनची चिठ्ठी, दाखवून सुटतो म्हणून 'अगेन्स्ट द डिलिव्हरी ऑर्डर'.

आता हीच वाक्यं ॲक्टिव्ह करून बघा. 'वी फाइल्ड इट विथ कस्टम्स.' 'विथ' तिथेही आहेच. म्हणजे 'विथ' हा 'फाइल'चा सोबती, पॅसिव्हशी त्याचा संबंध नाही. वाक्य उलटं केल्यावर नवा येतो तो फक्त 'बाय', आणि तोही करणाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तरच. बाकीचे सोबती क्रियापदाबरोबर आधीपासून असतात, ते जिथल्या तिथे राहतात.

हे लक्षात घेतलं की 'लुक्ड'चं वाक्य सुटतं. 'लुक' म्हणजे बघणं, 'लुक इनटू' म्हणजे चौकशी करणं, छडा लावणं. ॲक्टिव्हमध्ये 'वी आर लुकिंग इनटू द मॅटर' हे तुम्ही सहज लिहिलं असतंत. पॅसिव्ह करताना 'मॅटर' गाडीत बसून पुढे गेलं आणि 'इनटू' फलाटावर राहिलं. ते 'लुक्ड'शेजारीच राहायला हवं: 'द मॅटर इज बीइंग लुक्ड इनटू बाय अवर टीम.' 'इनटू बाय' असे दोघं शेजारी आले की आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि आपण त्यातला एक उडवतो. उडवायचाच तर 'बाय अवर टीम' उडवा, 'इनटू'ला हात लावू नका. 'कम्प्लाइड विथ', 'डेल्ट विथ', 'रिफर्ड टू', 'अकाउंटेड फॉर' यांचंही असंच. 'ऑल द कंडिशन्स हॅव बीन कम्प्लाइड विथ' आणि पूर्णविराम. इंग्रजी वाक्य प्रेपोझिशनवर संपवू नये असं शाळेत कोणी तरी सांगितलेलं असतं. पॅसिव्हमध्ये ते ऐकायला गेलात तर वाक्यच मोडेल.

'पे'पाशी जरा जास्त थांबू, कारण तुमच्या धंद्यात इथे चुकलं तर पैशांचा घोळ होतो. 'द ड्यूटी हॅज बीन पेड' म्हणजे ड्यूटी भरली. 'द गुड्स हॅव बीन पेड फॉर' म्हणजे मालाचे पैसे चुकते झाले. 'द सप्लायर हॅज बीन पेड' म्हणजे सप्लायरला पैसे मिळाले. जी रक्कम भरली ती, ज्यासाठी भरली ते आणि ज्याला दिली तो, तिघंही वाक्याच्या तोंडाशी बसू शकतात; 'फॉर' मात्र मधल्याच वाक्याला लागतं. 'द गुड्स हॅव बीन पेड' लिहिलंत तर मालाचा पगार झाल्यासारखं वाटतं. 'द सप्लायर हॅज बीन पेड फॉर' लिहिलंत तर त्या बिचाऱ्याला कोणीतरी विकत घेतलं. बँकेला पत्र लिहिताना ही तिन्ही वाक्यं समोर ठेवा.

'चार्ज' याहून गमतीचा. 'चार्ज्ड विथ' वाचलं की इंग्रजी वाचणाऱ्याला पोलीस ठाणं दिसतं. 'चार्ज्ड विथ थेफ्ट', 'चार्ज्ड विथ फ्रॉड', म्हणजे आरोप ठेवला. संशय असतो तोवर 'सस्पेक्टेड ऑफ', आरोप करणारा सामान्य माणूस असला तर 'अक्यूज्ड ऑफ', गुन्हा शाबित झाला की 'कन्व्हिक्टेड ऑफ'. तुमच्या वाक्यात इम्पोर्टरने डिटेन्शन नावाचा गुन्हा केल्यासारखं झालं, त्यामुळे सर हसले असतील तर ते मी समजू शकते. पैसे लावायचे असतील तेव्हा प्रेपोझिशन नकोच: 'द इम्पोर्टर विल बी चार्ज्ड डिटेन्शन.' खात्यावर टाकायचे तर 'टू': 'डिटेन्शन विल बी चार्ज्ड टू द इम्पोर्टर्स अकाउंट.' कशाबद्दल ते सांगायचं तर 'फॉर', दर सांगायचा तर 'ॲट'. आणि हे पैसे लावणारी शिपिंग लाइन, तिच्या मागे 'बाय'. बघा, याही क्रियापदाच्या घरात 'बाय'ची खोली एकच.

'नोन'च्या बाबतीत मराठी कान उपयोगी पडला असता. 'आम्हाला माहीत आहे' यातला 'ला' म्हणजे 'टू'. 'दिस डिले इज नोन टू अस.' माहीत असण्यात कोणी काही करत नाही, त्यामुळे करणाऱ्याचा 'बाय' तिथे बसत नाही. नाव सांगायचं तर 'नोन ॲज': आपलं न्हावा शेवाचं बंदर वर्षानुवर्षं जेएनपीटी म्हणून ओळखलं गेलं, आता कागदावर जेएनपीए आहे. कीर्ती सांगायची तर 'नोन फॉर', जसं ठाणं तलावांसाठी. माणूस संगतीवरून ओळखला जातो तिथे खरोखरच 'नोन बाय' येतो, पण तो 'वरून' या अर्थाने.

घडलेली घटना आणि टिकून असलेली अवस्था हा फरक बऱ्याच जोड्यांत सापडेल. कुत्रं भुंकत अंगावर आलं आणि मुलगी दचकली, तर ती 'फ्रायटन्ड बाय अ डॉग'. कुत्र्यांची भीतीच मनात बसलेली असली तर 'फ्रायटन्ड ऑफ डॉग्ज'. क्लेमच्या पत्रात 'कव्हर्ड'कडे लक्ष द्या, तिथला फरक थोडा निराळा आहे. 'द कन्साइनमेंट इज कव्हर्ड बाय अ मरीन पॉलिसी' हे विम्याचं संरक्षण, 'द कार्टन्स वेअर कव्हर्ड विथ डस्ट' ही धूळ. दोन्ही एकाच पत्रात येऊ शकतात.

पण मराठी विभक्तीवर डोळे मिटून विसंबू नका. लग्न आपण कोणाशी तरी करतो म्हणून 'मॅरिड विथ' लिहिलं जातं, इंग्रजीत मात्र 'मॅरिड टू'. एखाद्या गोष्टीला कंटाळतो तिथे 'टायर्ड टू' नाही, 'टायर्ड ऑफ'. लाकडी पॅलेट 'मेड ऑफ वुड', कारण त्यात लाकूड लाकूडच दिसतं. कागद 'मेड फ्रॉम वुड', त्यात लाकूड ओळखू येत नाही. मराठीत दोन्हीकडे 'पासून'च म्हणून भागतं.

कंटेनरच्या वाक्यात प्रेपोझिशनचा दोष नव्हताच. 'वॉज अरायव्हड' असं काही नसतं. 'कंटेनर आला होता' यातल्या 'होता'चा आपण 'वॉज' करतो, तिसरं रूप जोडतो आणि दिसायला ते पॅसिव्हसारखं दिसतं. 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड', 'द एरर वॉज ऑकर्ड' ही याचीच भावंडं, आणि ती मी चांगल्या मोठ्या हुद्द्यांवरच्या माणसांच्या ईमेलमध्ये पाहते. क्रियापदाला 'काय?' विचारून बघा. फाइल केलं, काय? बिल ऑफ एन्ट्री. अरायव्ह झाला, काय? उत्तर नाही, म्हणजे पॅसिव्ह नाही. 'द कंटेनर अरायव्हड ॲट न्हावा शेवा ऑन मंडे' एवढं पुरे.

याच रांगेत 'इज कन्सिस्टेड ऑफ' बसतं. ते सरळ चूक, 'कन्सिस्ट्स ऑफ' लिहा. 'इज कम्प्राइज्ड ऑफ'चं प्रकरण निराळं आहे. शब्दकोशांत ते नोंदलेलं आहे, लोक पिढ्यान्‌पिढ्या लिहितात, तरी काही जणांना ते खपतच नाही. इंग्रजी विकिपीडियावर एका संपादकाने हा प्रयोग हजारो लेखांतून हाताने काढून टाकला, इतकी त्याला चीड. तुमच्या ऑफिसात खुणा करणारा माणूस हजर असताना हा वाद अंगावर घ्यायचं कारण नाही. 'द शिपमेंट कम्प्राइजेस फॉर्टी कार्टन्स' लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

उलट बाजूही आहे. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, म्हणून पॅसिव्हमध्येही 'द इश्यू वॉज डिस्कस्ड' इतकंच. 'एम्फसाइज ऑन' आणि 'ऑर्डर फॉर' ही क्रियापदंही आपल्याकडे उगाच शेपटी लावून फिरतात. आणि 'यू आर रिक्वेस्टेड टू' नंतर मूळ क्रियापद येतं, पण 'कमिटेड टू', 'अकस्टम्ड टू', 'अपोज्ड टू' यांच्यामागे आयएनजीचं रूप: 'वी आर कमिटेड टू क्लिअरिंग द बॅकलॉग.'

आता ऑफ. इंग्रजी तोंडात एका एफचा शब्द 'ऑव्ह' होतो, दोन एफचा 'ऑफ'. आपण दोन्ही 'ऑफ' म्हणतो, देवनागरीतही दोन्ही सारखेच लिहितो, त्यामुळे लिहिताना कोणता ते कानाला कळत नाही. शिवाय विल्हेवाट म्हटलं की काहीतरी दूर फेकल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं आणि दोन एफ ओढून घेतले जातात. भारतातल्या सरकारी आणि खासगी पत्रांत 'डिस्पोज्ड ऑफ' दोन एफने इतकं सापडतं की तेच बरोबर वाटू लागतं. बरोबर एकच: मालाची विल्हेवाट असो, फाइल निकाली काढणं असो की कोर्टातला अर्ज, 'डिस्पोज ऑफ'ला एक एफ. दिवे बंद करा, विमान उडवा, उधारी फेडून टाका, तिथे दोन.

सरांच्या एका म्हणण्याशी मात्र मी सहमत नाही. फॉर्मल म्हणजे पॅसिव्ह हे समीकरण कोणी काढलं कोण जाणे. पॅसिव्ह तिथे शोभतो जिथे करणारा कोण याला महत्त्व नसतं: कंटेनर सील झाला, बिल भरलं गेलं, मालाचं परीक्षण झालं. जिथे जबाबदारी ठरवायची असते तिथे पॅसिव्ह धोक्याचा. डिटेन्शनच्या भांडणात तुम्ही 'द डिलिव्हरी ऑर्डर वॉज नॉट इश्यूड इन टाइम' लिहिलंत, तर ती कोणी वेळेत दिली नाही? लाइनने, की तुमच्याकडून मूळ बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल घेतल्याची लाइनची पावती) उशिरा गेलं? समोरचा हीच फट पकडणार आणि तुमच्या क्लायंटला दिवस मोजून पैसे भरावे लागणार. राजकारण्यांना ही फट फार आवडते. इराणला चोरून शस्त्रं विकल्याच्या इराण-काँट्रा प्रकरणावर १९८७ सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या संसदेपुढे बोलताना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी गंभीर चुका 'केल्या गेल्या' असंच सांगितलं, कोणी केल्या ते त्या वाक्यात नव्हतं. तुम्हाला तसं करून चालणार नाही. अशा ठिकाणी 'बाय' हवाच: 'वॉज नॉट इश्यूड बाय युअर ऑफिस अंटिल द ट्वेल्थ'. किंवा सरळ 'युअर ऑफिस इश्यूड द डिलिव्हरी ऑर्डर ओन्ली ऑन द ट्वेल्थ'. हे दुसरं वाक्यही पुरेसं फॉर्मल आहे, आणि मला तेच जास्त आवडतं.

एक बारीक गोष्ट. मुदतही 'बाय'नेच सांगतात, त्यामुळे 'सबमिटेड बाय यू बाय फ्रायडे' असं तोतरं वाक्य तयार होतं. मुदतीसाठी 'ऑन ऑर बिफोर फ्रायडे' लिहा, किंवा 'बाय यू' काढून टाका. पत्र त्यालाच लिहिलेलं आहे.

पाठ करायचं का? सुट्या प्रेपोझिशनची यादी पाठ करून काही होत नाही, दोन दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. वहीत 'चार्ज' असा शब्द लिहू नका, 'चार्ज्ड टू द अकाउंट' असा तुकडा लिहा. हे तुकडे तुमच्याकडे रोज फुकट येतात: लाइनच्या नोटिसा, बँकेची पत्रं, विम्याच्या पॉलिसीचा मजकूर, कस्टम्सच्या पब्लिक नोटिसा. बँकेचा चेक 'ड्रॉन ऑन' असतो, डिमांड ड्राफ्ट 'पेएबल ॲट', माल 'कन्साइन्ड टू'. रोज दोन तुकडे, आणि शक्यतो त्या दिवशी टेबलावर आलेल्या कागदातले. अडलं तर फोनवर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा एखादा चांगला शब्दकोश ठेवा. त्यात क्रियापदाशेजारी त्याचं प्रेपोझिशन ठळक छापलेलं असतं. नुसत्या इंग्रजी-मराठी कोशात ते बहुधा मिळत नाही. पत्र पाठवण्याआधी प्रत्येक तिसऱ्या रूपानंतर बोट ठेवा आणि पुढचा शब्द करणाऱ्याचा आहे की आणखी कशाचा, एवढंच तपासा. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला येताना कालचं एखादं पत्र या नजरेने वाचलंत तरी पुष्कळ.

क्लास लावू नका. स्पोकनच्या क्लासात बोलायचं धाडस शिकवतात, आणि ते तुमच्याकडे आहेच. पैसे वाचवा.

आता सर. गप्प बसू नका, पण ग्रुपवरही उत्तर देऊ नका. दुपारी ते जरा मोकळे असतील तेव्हा केबिनमध्ये जा आणि सांगा, "सर, चार दुरुस्त्या मला पटल्या, त्याप्रमाणे लिहायला लागले आहे. यापुढे खुणा केलेलं पत्र मला वैयक्तिक पाठवाल का? ग्रुपवर आलं की पुढचं पत्र लिहिताना हात थांबतो." आवाज न चढवता, आणि 'अपमान' हा शब्द न वापरता. बहुतेक माणसं इतक्यावर ऐकतात. नाही ऐकलं आणि स्क्रीनशॉट येतच राहिले, तर एचआरकडे किंवा मालकांकडे लेखी जा. चुका दाखवणं हे त्यांचं काम आहे, इमोजी गोळा करणं नाही.

पाचव्या वाक्याचं त्याच भेटीत काढू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या, मग शब्दकोशाचं पान उघडून फोन त्यांच्यासमोर धरा, "सर, इथे एकच एफ दिसतोय, कोणता ठेवू?" असं विचारा आणि त्यांना स्वतः वाचू द्या. तरीही ते दोनावर अडून बसले तर वाक्यच बदला: 'द डॅमेज्ड कार्टन्स वेअर डिस्ट्रॉइड.' कार्टन तसेच नष्ट झालेले असतात आणि पत्र संध्याकाळच्या आत जातं.